नव्या विनोदी मालिकेची घोषणा पुरे, ओळख करून द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या मनोरंजन पुरवणीत एका मराठी वाहिनीवर लवकरच सुरू होणाऱ्या कौटुंबिक विनोदी मालिकेची बातमी ठळकपणे छापून आली आहे. कलाकारांचे रंगीत छायाचित्र, पहिल्या भागाची तारीख, निर्मात्यांचे मनोगत आणि ही मालिका अख्ख्या महाराष्ट्राला पोट धरून हसवील असे आश्वासन, एवढा मजकूर तीत आहे. हे कुटुंब कुठल्या गावात राहते, त्यातल्या माणसांचे एकमेकांशी कशावरून वाजते, मालिका लिहिते कोण, ती आठवड्यातून किती दिवस दिसणार, यांपैकी एकाही गोष्टीचा उल्लेख नाही. मी एका मनोरंजन वाहिनीच्या प्रोमो विभागात बरीच वर्षे काम केले असून अनेक नव्या मालिकांचे प्रोमो लिहिले आणि संकलित केले आहेत. त्या अनुभवावरून माझे ठाम मत झाले आहे की, मराठीतल्या विनोदी मालिका वारंवार अकाली बंद पडतात याचे कारण पुष्कळदा त्यांच्या लेखनात किंवा अभिनयात नसते. त्या प्रेक्षकांसमोर ज्या रीतीने आणल्या जातात त्या रीतीत ते असते. म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

रोजच्या कौटुंबिक मालिकेला पुढे काय होणार या प्रश्नाचा आधार असतो. तो प्रश्न पहिल्याच भागात उभा करता येतो आणि त्याच्या बळावर प्रेक्षकाला दुसऱ्या दिवशी परत आणता येते. विनोदी मालिकेत पुढे काय होणार याची प्रेक्षकाला फारशी फिकीर नसते. अमुक माणूस आता काय बोलणार हे त्याने मनाशी ताडलेले असते आणि तो माणूस ते बोलतो तेव्हा हसू येते. चिक्कू गृहस्थाच्या दारात मंडळाची मुले पावतीपुस्तक घेऊन उभी राहिलेली दिसताच आपण हसू लागतो, कारण त्या गृहस्थाचा स्वभाव आपल्याला पुरता माहीत असतो. पहिल्या भागात तो कोणालाच माहीत नसतो. त्यामुळे विनोदी मालिकेचा पहिला भाग हा बहुधा तिचा सर्वांत कमी हसवणारा भाग असतो आणि आपल्याकडे प्रसिद्धीचा जवळजवळ सगळा पैसा नेमका त्याच भागावर ओतला जातो.

मराठी प्रेक्षकाच्या आठवणीत राहिलेल्या विनोदी मालिकांकडे या दृष्टीने पाहावे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्याच दशकात त्यावर ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ ही मालिका दिसू लागली. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी या जोडीला चेहरे दिले, पण चिं. वि. जोशी यांच्या पुस्तकांमुळे ती जोडी त्याआधीच कितीतरी घरांत परिचयाची झालेली होती. २००१ मध्ये तेव्हाच्या अल्फा मराठीवर केदार शिंदे दिग्दर्शित ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ सुरू झाली. तिचा उगम प्रभावळकरांच्या ‘लोकसत्ता’तील ‘अनुदिनी’ या सदरात होता. टिपऱ्यांच्या घरातले आबा, शेखर, श्यामला, शिऱ्या आणि शलाका ही मंडळी पडद्यावर आली तेव्हा त्यांची नावे आणि खोडी माहीत असलेला एक वाचकवर्ग त्यांची वाट पाहत होता. हिंदीत २८ जुलै २००८ रोजी सब वाहिनीवर सुरू झालेली ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ ही मालिकाही ‘चित्रलेखा’ या गुजराती साप्ताहिकात तारक मेहता १९७१ पासून लिहीत असलेल्या सदरावर आधारलेली आहे. या तिन्ही मालिकांचे लेखन, अभिनय आणि काळ वेगवेगळे होते, तरी एक गोष्ट तिघींत समान आहे: प्रेक्षकांपैकी काही जणांशी तरी त्यांची जानपछान पहिल्या भागाच्या कितीतरी आधी झालेली होती.

आज नव्याने लिहिलेल्या मालिकेजवळ ही पुंजी नसते. मासिके कमी झाली, वृत्तपत्रांतली विनोदी सदरे आक्रसली, आणि पात्रे थेट पडद्यावरच जन्माला येऊ लागली. अशा वेळी जे काम पूर्वी छापील सदर करत असे ते प्रसिद्धीने करायला हवे, असे माझे म्हणणे आहे.

ओळख वेळेवर झाली नाही तर उत्तम मालिकेचेही काय होते, याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’. सतीश शाह, रत्ना पाठक शाह आणि आपले सुमीत राघवन अशा तोलामोलाच्या नटांची ही मालिका २००४ मध्ये स्टार वन वाहिनीवर आली. वाहिनी स्वतःच तेव्हा नवी होती. तिच्याकडे वळण्याची सवय कोणालाच लागलेली नव्हती. मालिकेला प्रेक्षकसंख्या फारशी लाभली नाही आणि २००६ मध्ये ती बंद झाली. नंतर पुनःप्रक्षेपणांतून लोकांना ती सापडत गेली, तिच्यातले संवाद तोंडोतोंडी झाले, आणि २०१७ मध्ये हॉटस्टारवर तिचा दुसरा हंगाम काढावा लागला. मालिका चालू असताना हा प्रेक्षक तिच्यापर्यंत का पोहोचला नाही, हा प्रश्न प्रत्येक वाहिनीच्या प्रसिद्धी विभागाने स्वतःला विचारायला हवा.

आता प्रोमो कसा तयार होतो ते सांगते. नेहमीचा प्रोमो तीस सेकंदांचा असतो. त्यातली शेवटची पाच-सहा सेकंदे तारीख आणि वेळ दाखवणाऱ्या पाटीला जातात, दोन-तीन सेकंदे प्रायोजकाच्या नावाला जातात, आणि हाती वीसएक सेकंदे उरतात. दैनंदिन मालिकेला एवढा वेळ पुरतो. दार उघडते, दारात कोणीतरी उभे असते, घरातल्या बाईच्या हातून ताट पडते आणि निवेदक एक प्रश्न विचारतो, की झाले काम. विनोदाला मात्र आधी बैठक लागते. मी हाताळलेल्या एका मालिकेत एक निवृत्त मराठी शिक्षक होते. सोसायटीच्या सेक्रेटरींनी पाण्याच्या वेळेची सूचना फलकावर लावलेली असते. मास्तर ती चष्मा सावरत वाचतात, खिशातून लाल पेन काढतात, ‘पाणी’ शब्दातला चुकलेला ऱ्हस्व ‘णि’ दीर्घ करतात, मग एकेक करत सगळ्या चुका दुरुस्त करतात आणि शेवटी खाली ‘दहापैकी चार’ असे लिहून सही करतात. सेक्रेटरी मागे येऊन उभे राहिलेले असतात. ते भांडत नाहीत. आपले सहा गुण नेमके कुठे गेले ते बोट ठेवून मोजू लागतात. हे सगळे जवळजवळ दीड मिनिट चालते आणि त्यात संवाद नावालाच आहे.

वीस सेकंदांच्या मापात हे दृश्य बसेना, म्हणून ते गळाले आणि त्याच भागातले सेक्रेटरी ओल्या जिन्यावरून घसरतात ते क्षणभराचे दृश्य प्रोमोत आले, त्याला घसरण्याचा आवाजही जोडला गेला. परिणाम असा झाला की, ज्यांना ते मास्तर आवडले असते त्यांच्यापर्यंत मास्तर पोहोचलेच नाहीत, आणि घसरपट्टीचा विनोद पाहायला जे आले त्यांना मालिकेत तो सापडला नाही. पुढे मास्तरांचा तो अख्खा प्रसंग शनिवारी रात्रीच्या चित्रपटाला जोडून सलग दाखवावा असा आग्रह मी धरला आणि तो मान्यही झाला. त्यानंतर आमच्या कचेरीच्या लिफ्टमध्ये माणसे एकमेकांच्या कामाला दहापैकी गुण देताना मी ऐकली आहेत. पण तोवर मालिका सुरू होऊन बरेच आठवडे उलटले होते आणि प्रसिद्धीची तरतूद संपली होती.

यावर वाहिन्या म्हणतील की, स्वतःच्या कार्यक्रमांच्या जाहिरातीला वेळच कुठे आहे. अडचण खरी आहे. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधील तरतुदीनुसार तासाला जास्तीत जास्त बारा मिनिटे जाहिराती दाखवता येतात. त्यांपैकी दहा मिनिटांपर्यंत व्यावसायिक जाहिराती आणि दोन मिनिटांपर्यंत वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांच्या जाहिराती. या मर्यादेच्या अंमलबजावणीवरून वाहिन्या आणि दूरसंचार नियामक प्राधिकरण यांच्यात न्यायालयात वादही झाले; तो विषय येथे बाजूला ठेवते. साधा हिशेब केला तर संध्याकाळी सात ते रात्री अकरा या चार तासांत स्वतःच्या प्रसिद्धीसाठी आठ मिनिटे, म्हणजे तीस सेकंदांचे सोळा प्रोमो. याच वेळेत अर्ध्या-अर्ध्या तासाच्या आठ मालिका असतात आणि प्रत्येकीला आपल्या पुढच्या वळणाची जाहिरात हवी असते. नव्या मालिकेच्या वाट्याला जे तीन-चार प्रोमो येतील त्यांचा उपयोग कसा करायचा, हाच मग कळीचा प्रश्न उरतो.

माझी सूचना अशी आहे. मालिका सुरू होण्यापूर्वी पाच-सहा आठवडे एकेका पात्राचा एकेक छोटा, स्वतंत्र, पूर्ण प्रसंग चित्रित करून दाखवावा. हे प्रसंग मालिकेच्या भागांतून कापलेले नसावेत. प्रोमोसाठीच लिहिलेले असावेत आणि ते मालिकेच्या लेखकानेच लिहावेत. प्रोमो विभागातल्या माझ्यासारख्या माणसाला त्या पात्रांची बोली तितकी अवगत नसते, हे मी जबाबदारीने सांगते. सुरुवातीच्या प्रोमोंत तारखेची पाटी नसली तरी चालेल. ती शेवटच्या आठवड्यात यावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रसिद्धीसाठी राखलेल्या वेळापैकी आणि पैशांपैकी निम्मा तरी भाग मालिका सुरू झाल्यानंतरच्या दोन महिन्यांसाठी बाजूला काढून ठेवावा. पहिल्या दिवशी ज्याला मालिका सुरू झाल्याचे कळले नाही त्याला सहाव्या आठवड्यात ती कळावी आणि तिथून पुढे त्याला बिनदिक्कत पाहता यावी, ही सोय विनोदी मालिकेच्या घडणीतच असते, कारण तिचा प्रत्येक भाग स्वतःपुरता पूर्ण असतो. या सोयीचा लाभ आपल्याकडे घेतलाच जात नाही.

मोठ्या चौकांतल्या फलकांविषयी फार लिहीत नाही. अख्खे कुटुंब भडक कपड्यांत हाताची घडी घालून उभे आहे, एकाने डोक्याला हात लावला आहे, एवढे त्यावर दिसते आणि सिग्नलला थांबलेल्या माणसाला त्यावरून मालिकेविषयी काहीही कळत नाही. पडद्याच्या खालच्या कडेने सरकणाऱ्या पट्टीचा मात्र मला मनापासून विरोध आहे. साडेआठच्या मालिकेत घरातला कर्ता पुरुष अत्यवस्थ असतो, बायका रडत असतात आणि त्यांच्या पायांशी नव्या मालिकेतले हसरे चेहरे नाचत जातात. हा ज्या नटाने तो प्रसंग मन लावून केला त्याचा अपमान आहे, आणि प्रेक्षक नव्या मालिकेवर राग धरतो ते वेगळेच.

पहिल्या दिवशी एक तासाचा ‘महाएपिसोड’ दाखवण्याची प्रथाही विनोदी मालिकेसाठी थांबवली पाहिजे. जाहिराती वगळता बावीस-तेवीस मिनिटांच्या भागात मावेल असा विनोद लेखकाने बांधलेला असतो. तो ताणून तासाभराचा केला की त्याची हवा निघून जाते. दुसऱ्या मालिकांतल्या नायक-नायिकांना पहिल्याच आठवड्यात पाहुणे म्हणून आणण्याचा ‘महासंगम’ही तसाच. घरातल्या माणसांचीच ओळख झालेली नसताना पाहुण्यांच्या सरबराईत निम्मा वेळ जातो.

यानंतर येतो आकड्यांचा विषय. २०१५ पासून बार्क ही संस्था प्रातिनिधिक घरांतल्या मीटरवरून प्रेक्षकसंख्या मोजते आणि आठवड्याचे आकडे गुरुवारी वाहिन्यांच्या हाती पडतात. पहिल्या तीन-चार गुरुवारी आकडा खाली दिसला की विनोदी मालिकेची वेळ बदलण्याची चर्चा सुरू होते. साडेनऊची मालिका साडेदहाला जाते, मग फक्त शनिवार-रविवारी, मग रविवारी दुपारी, आणि ज्या थोड्या लोकांना ती आवडू लागलेली असते तेही शोधून थकतात. या बाबतीत अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीने ‘चीअर्स’ या विनोदी मालिकेच्या बाबतीत दाखवलेला धीर मला अनुकरणीय वाटतो. १९८२ मध्ये सुरू झालेली ही मालिका पहिल्या हंगामात प्रेक्षकसंख्येच्या यादीत अगदी तळाशी होती. वाहिनीने ती बंद केली नाही. उन्हाळ्यातल्या पुनःप्रक्षेपणांतून तिला नवे प्रेक्षक मिळाले. १९८४ पासून गुरुवारी रात्री ‘द कॉस्बी शो’ या लोकप्रिय मालिकेच्याच संध्याकाळी ती दिसत असल्याने तिचा प्रेक्षक आणखी वाढला आणि ती १९९३ पर्यंत अकरा हंगाम चालली. आधीच्या लोकप्रिय कार्यक्रमाचा प्रेक्षक पुढच्या कार्यक्रमाकडे सरकवणे आणि नेमाने पुनःप्रक्षेपण करणे, या दोन्ही गोष्टींना वेगळा खर्च जवळजवळ लागत नाही. रविवारी दुपारची जेवणे झाल्यावर मराठी घरात दूरचित्रवाणी सहसा सुरू असते. त्या वेळी आठवड्यातले भाग पुन्हा दाखवणे ही मला शेकडो फलकांपेक्षा मोलाची प्रसिद्धी वाटते.

सुरुवात कधी करायची याचाही विचार व्हावा. गणपतीच्या दिवसांत घर माणसांनी भरलेले असते म्हणून तेव्हा कौटुंबिक मालिका आणण्याचा मोह होतो, पण संध्याकाळ आरत्या, प्रसाद आणि पाहुण्यांची ये-जा यांत जाते. आयपीएलच्या महिन्यांत साडेसातनंतर रिमोट कोणाच्या हातात असतो हे सांगायला नको.

दररोज की साप्ताहिक, या प्रश्नावर माझे मत अनेकांना पटणार नाही. ‘तारक मेहता’ रोज चालते याचा दाखला नेहमी दिला जातो. तिच्यात एका सोसायटीतली अनेक बिऱ्हाडे आहेत, भार वाटून घेता येतो आणि मागे सदराचा मोठा साठा होता. चार-पाच माणसांच्या एका घराची विनोदी मालिका आठवड्याला पाच-सहा भाग या गतीने लिहायला लावली तर दोन महिन्यांत लेखकाजवळ तोंडे वाकडी करणे आणि गैरसमज यांखेरीज काही उरत नाही. प्रसिद्धीने ओळख करून दिलेली पात्रे मग ओळखू येईनाशी होतात. ‘टिपरे’ साप्ताहिक होती आणि तिच्या प्रत्येक भागाला आबांच्या रोजनिशीइतका निवांतपणा होता. वाहिनीने आठवड्याला एक किंवा फार तर दोन भाग ठरवावेत, निदान सव्वीस भागांची हमी निर्मात्याला द्यावी आणि ते सव्वीस भाग एकाच वारी, एकाच वेळी दाखवावेत.

मोबाइलमुळे आज एक दार नव्याने उघडले आहे. सोनी मराठीवर २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मधले तुकडे इंदूर-बडोद्यापासून न्यू जर्सीपर्यंतची मराठी माणसे एकमेकांना पाठवतात. प्रत्येक प्रहसन स्वतंत्र आणि आटोपशीर असल्यामुळे तुकडा पाहूनही त्याचा पूर्ण आनंद मिळतो. विनोदी मालिकांच्या प्रसिद्धी विभागांनी यातून घ्यायचे ते हेच की, तुकडा पूर्ण असावा, त्याला सुरुवात आणि शेवट असावा आणि तो मोफत पाहता यावा. ‘पुढे पाहण्यासाठी ॲप डाउनलोड करा’ असे म्हणून विनोद मध्येच तोडला तर पाहणारा माणूस ॲपकडे न जाता पुढच्या व्हिडिओकडे जातो. शिवाय तुकड्याखाली मालिकेचे नाव, वार आणि वेळ स्पष्ट मराठीत लिहिलेली असावी; पुष्कळ तुकडे फिरतात आणि ते कुठल्या कार्यक्रमातले आहेत हे पाहणाऱ्याला कळत नाही. या परदेशस्थ प्रेक्षकाची नोंद बार्कच्या मीटरवर होत नाही, हे खरे असले तरी तो आपल्या गावाकडच्या आईवडिलांना फोनवर मालिकेचे नाव सांगतो आणि ती नोंद मग घरच्या दूरचित्रवाणीवर होते.

शेवटी आपल्या वृत्तपत्राकडेही एक विनंती आहे. दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांचे वेळापत्रक पूर्वी वृत्तपत्रांत रोज छापून येत असे. सगळ्या वाहिन्यांचे वेळापत्रक आता देणे शक्य नाही हे मी समजू शकते. परंतु नव्याने सुरू झालेल्या मराठी मालिकांची छोटी चौकट आठवड्यातून एकदा द्यावी आणि तीत वार, वेळ, पुनःप्रक्षेपणाची वेळ, लेखक आणि दिग्दर्शक यांची नावे असावीत. वाहिनीने पाठवलेले प्रसिद्धिपत्रक पहिल्या दिवशी छापण्याऐवजी विनोदी मालिकेचे परीक्षण तिचे आठ-दहा भाग झाल्यावर, समीक्षकाकडून ते सर्व भाग पाहून घेऊन छापावे. ज्या मालिकेच्या बातमीमुळे हे पत्र लिहिले तिच्यापासूनच ही पद्धत सुरू करता आली तर पाहावे. ती मालिका अजून सुरू व्हायची आहे.

कळावे,
आपली नम्र,
एक नियमित वाचक, डोंबिवली
(नाव व पत्ता संपादकांकडे)